स्टॉक एलिमिनेटर: जुन्या-नव्या गाड्यांच्या वादाची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगमध्ये, म्हणजे सरळ पट्टीवर दोन-दोन गाड्यांच्या शर्यतीत, स्टॉक एलिमिनेटर या जवळपास कारखानी स्थितीतल्या गाड्यांच्या गटाच्या रांगेत 1969 ची कॅमेरो आणि कालपरवा कारखान्यातून निघालेली मस्टँग एकामागे एक उभ्या असतात. हँडिकॅप, म्हणजे संथ गाडीला आधी सुटू देण्याची सवलत, असल्यामुळे बहुतेक फेऱ्यांत त्याचं कुणाला काही वाटत नाही. भांडण पेटतं ते एकाच अक्षराच्या वर्गातल्या (वर्गांना अक्षरांची नावं असतात) दोन गाड्या समोरासमोर आल्या की. तिथे ब्रेकआउट, म्हणजे आधी सांगितलेल्या वेळेपेक्षा लवकर पोचल्यास बाद होण्याचा नियम, नसतो आणि हिरवा दिवा दोघांना एकदमच मिळतो. त्या दोघी एका अक्षरात आल्या कशा, हे ठरतं वजन आणि हॉर्सपॉवर यांच्या गुणोत्तरावरून. वजन काट्यावर मोजता येतं. हॉर्सपॉवर मात्र कागदावरची असते, आणि सगळा इतिहास त्या कागदाचा आहे.

साठच्या दशकात कंपन्या हा आकडा मुद्दाम कमी सांगत. विमा कंपन्यांची नजर चुकवायची हे एक कारण, शर्यतीत सोयीचा वर्ग मिळवायचा हे दुसरं. फोर्डच्या 1968 च्या 428 (इंजिनाचा आकार, घन इंचांत) कोब्रा जेट मस्टँगची जाहीर हॉर्सपॉवर 335 होती. त्यावर विश्वास ठेवणारा माणूस धावपट्टीच्या आसपास तरी नव्हता. त्याच वर्षी पोमोनाच्या हिवाळी स्पर्धेत या मस्टँगनी सुपर स्टॉक (स्टॉकहून जास्त फेरफारांची मुभा असलेला गट) जिंकून दाखवलं. 1969 च्या झेडएल1 कॅमेरोची कागदावर 430, प्रत्यक्षात 500 च्या पुढे.

म्हणून एनएचआरए या शर्यतींच्या नियामक संस्थेने कंपनीचा आकडा बाजूला ठेवून स्वतःचा आकडा द्यायला सुरुवात केली. त्यालाच फॅक्टर म्हणतात. समजा, वर्गाची अट दर हॉर्सपॉवरमागे 10 पौंडांची आहे. आकडा 335 असेल तर गाडी 3,350 पौंडांत बसते. तोच 360 केला की आणखी 250 पौंड लादा, नाहीतर वरच्या, वेगवान वर्गात जा. पुढे 1972 च्या मॉडेलांपासून कंपन्यांनी ग्रॉसऐवजी (नुसतं इंजिन मोजून) नेट (गाडीतल्या सगळ्या जोडण्यांसह मोजलेली) हॉर्सपॉवर सांगायला सुरुवात केली, तेव्हा तेच इंजिन कागदावर एकदम अशक्त झालं. क्रायस्लरच्या 426 हेमी इंजिनाची 1971 मध्ये ग्रॉस 425 आणि नेट 350 सांगितली जात होती, एवढ्यावरून कल्पना यावी. दोन मापांतल्या गाड्या एका तक्त्यात बसवायच्या म्हणजे फॅक्टरशिवाय गत्यंतरच नव्हतं.

त्यानंतरची पस्तीसेक वर्षं तुलनेने शांततेची. जुने आकडे धावांच्या नोंदींवरून घासूनपुसून खरे होत गेले. सुटे भाग मिळेनासे झाले तसे पर्यायी पिस्टन, पर्यायी हेड यांना मान्यता मिळाली. नव्या गाड्यांचे मालक आज या सवलतींकडे बोट दाखवतात, आणि तो मुद्दा अगदीच खोटा नाही.

वादाचं मूळ आहे 2008 मध्ये. फोर्डने जुन्या कोब्रा जेटच्या चाळिशीनिमित्त 50 नव्या कोब्रा जेट काढल्या. मग डॉजची चॅलेंजर ड्रॅग पॅक आली आणि 2012 मध्ये शेवरलेची कोपो कॅमेरो, तीही बरोबर 69, कारण 1969 मध्ये झेडएल1 तेवढ्याच निघाल्या होत्या. या गाड्या रस्त्यावर चालवताच येत नाहीत; त्या शर्यतीसाठीच बांधून विकल्या गेल्या. तरीही त्यांना स्टॉकमध्ये घेतलं गेलं. संस्थेची बाजू अशी, की किमान संख्या पुरी झाली आहे आणि कंपन्या पुन्हा पैसा घेऊन दारात आल्या आहेत. ते समजण्यासारखं आहे. पण आकड्याचं काय? त्याच घराण्यातल्या, रस्त्यावर धावणाऱ्या शेल्बी जीटी500 ची हॉर्सपॉवर कंपनी 500 सांगत होती, आणि सुपरचार्जरवाल्या कोब्रा जेटला शर्यतीसाठी त्याहून कमी आकडा मिळाला. जुन्या गाड्यांचे आकडे चाळीस वर्षं दुरुस्त होत आले होते, नव्यांचे कोरे होते. 2009 च्या पोमोना स्पर्धेत कोब्रा जेटने पदार्पणातच स्टॉक जिंकलं. हँडिकॅपच्या शर्यतीतल्या एका विजयाने वेग सिद्ध होत नाही हे खरं, पण कुरकुर वाढायला तेवढं पुरे होतं.

धावांवरून आकडा आपोआप वाढवणारी व्यवस्था होतीच. इंडेक्सच्या, म्हणजे वर्गासाठी ठरवलेल्या प्रमाण वेळेच्या, फार खाली वेळ नोंदवली की त्या इंजिन-गाडीच्या जोडीवर हॉर्सपॉवर चढते, आणि ती जोडी वापरणाऱ्या प्रत्येकावर चढते. परिणामी चालक शेवटच्या काही फुटांत ब्रेक दाबू लागले. जुनी 396 कॅमेरो देशभर असंख्य लोक चालवतात; एकाने हौसेने पूर्ण दाबली की सगळ्यांवर वजन. नव्या जोडीचे मालक मोजके, त्यामुळे आकडा सांभाळणं त्यांना सोपं. माझ्या मते खरी विषमता इथे आहे, सुपरचार्जरमध्ये नाही. आपल्याकडे टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोक मोटरसायकलींचे वर्गच वेगळे ठेवतात, म्हणून हा प्रश्न या रूपात उभा राहत नाही.

शेवटी तिकडेही तोच मार्ग निघाला. नव्या कारखानी गाड्यांना फॅक्टरी स्टॉकची स्वतंत्र अक्षरं मिळाली आणि त्यांची वेगळी हेड्स-अप, म्हणजे हँडिकॅप नसलेली, मालिका उभी राहिली. तिथे वेळा आठ सेकंदांच्या घरातून सातच्या घरात उतरल्या. जुन्यांशी गाठ आता पडते ती हँडिकॅपच्या फेऱ्यांत. दरम्यान 2018 मध्ये इलेक्ट्रिक कोपो आणि 2020 मध्ये 1,400 हॉर्सपॉवरची इलेक्ट्रिक कोब्रा जेट प्रायोगिक स्वरूपात धावली. दुसरीने पाव मैल 8.27 सेकंदांत कापला. इलेक्ट्रिक मोटरची ताकद सॉफ्टवेअरमधून कमी-जास्त करता येते. तिला कागदावर कुठला आकडा द्यायचा, यावर पेट्रोलवाले जुने आणि पेट्रोलवाले नवे पहिल्यांदाच एका बाजूला दिसतील, असा माझा अंदाज आहे.