परदेशात सुट्टीवर आलेल्या सैनिकाविरुद्ध युद्धगुन्ह्याची तक्रार: पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस ब्राझीलमधील एका संघीय न्यायाधीशाने पोलिसांना एका इस्रायली सैनिकाची चौकशी करण्याचा आदेश दिला. सैनिक बाहिया राज्यात सुट्टीवर आला होता. गाझातील निवासी इमारती पाडण्यात त्याचा हात होता, अशी तक्रार बेल्जियममधील हिंद रजब फाउंडेशनने केली होती. तपास पुढे सरकण्याआधीच, जानेवारी २०२५ च्या पहिल्या आठवड्यात, तो ब्राझीलबाहेर पडला. जुलै २०२५ मध्ये बेल्जियममधील टुमॉरोलँड संगीत महोत्सवाला आलेल्या दोन इस्रायलींचे, गाझातील युद्धगुन्ह्यांच्या तक्रारीवरून, पोलिसांनी जबाब घेतले, मग सोडून दिले आणि पुढे ते प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे (आयसीसी) गेले.

या बातम्या आल्या की दोन टोकाचे समज पसरतात. कोणत्याही सैनिकाला कुठेही अटक करवता येते, हा एक. आणि हे सगळे नुसते राजकारण आहे, हा दुसरा. दोन्ही चूक आहेत. प्रक्रिया खरी आहे, तिला कायदा आहे आणि तिने जन्मठेपाही झाल्या आहेत. मात्र सुट्टी आठ-दहा दिवसांची असते आणि चांगली फाईल तयार व्हायला कित्येक महिने लागतात. हे गणित ज्यांना कळते त्यांच्याच तक्रारी पुढे जातात.

कायद्याचा आधार कुठून येतो

१९४९ च्या चारही जिनिव्हा करारांत एक कलम सारखेच आहे. ‘गंभीर उल्लंघन’ केल्याचा आरोप असलेल्या माणसाचा, तो कोणत्याही देशाचा असो, शोध घेऊन त्याच्यावर खटला भरा किंवा त्याला दुसऱ्या संबंधित देशाच्या हवाली करा, असे ते कलम सांगते. छळाबाबत असेच बंधन १९८४ च्या छळविरोधी कराराने घातले. यालाच सार्वत्रिक अधिकारक्षेत्र म्हणतात: गुन्हा दुसऱ्या देशात झालेला, आरोपी परका, पीडितही परका, तरी इथले न्यायालय खटला चालवू शकते.

इथे पहिली अडचण येते. ‘गंभीर उल्लंघन’ ही संज्ञा दोन देशांमधील सशस्त्र संघर्षाला आणि परकीय ताब्यातील प्रदेशाला लागू होते. यादवी युद्धातील हत्या तितकीच क्रूर असली तरी या कलमात बसत नाही. तिच्यासाठी त्या देशाने स्वतंत्र तरतूद केलेली असावी लागते. म्हणून आधी संघर्षाचे स्वरूप ठरवायचे आणि मगच देश निवडायचा.

तक्रार कशाबद्दल होऊ शकते

सैन्यात असणे हा गुन्हा नाही. युद्धात लढणे, शत्रुसैनिकाला मारणे हाही नाही. तक्रार एका ठरावीक कृत्याबद्दल असावी लागते: नागरिकाची किंवा शरण आलेल्याची जाणूनबुजून हत्या, छळ, ओलीस धरणे, बेकायदा हद्दपारी, लष्करी गरज नसताना केलेला मोठ्या प्रमाणावरचा विध्वंस. यातील शेवटचा गुन्हा सिद्ध करायला सर्वांत अवघड. पाडलेल्या घरासमोर हसत काढलेला फोटो पाहून संताप येतो, पण त्यातून सैनिक तिथे होता एवढेच सिद्ध होते. घर कोणी पाडले, कोणाच्या हुकमाने पाडले, त्या वेळी तिथून गोळीबार चालू होता का, हे फोटो सांगत नाही.

फिनलंडचे प्रकरण अभ्यासण्याजोगे आहे. ‘रुसिच’ या रशियन निमलष्करी गटाचा यान पेत्रोव्स्की नाव बदलून व्होइस्लाव्ह तोर्देन झाला होता. २०२३ च्या उन्हाळ्यात तो कुटुंबासह फ्रान्सला निघालेला असताना हेलसिंकी विमानतळावर पकडला गेला. युक्रेनने त्याला मागितले, पण तिथल्या तुरुंगांच्या अवस्थेमुळे फिनलंडच्या सर्वोच्च न्यायालयाने हस्तांतरण नाकारले. मग फिनलंडनेच खटला चालवला आणि मार्च २०२५ मध्ये हेलसिंकीच्या जिल्हा न्यायालयाने २०१४ मधील लुहान्स्क भागातील कृत्यांबद्दल जन्मठेप दिली. आरोप पाच होते, शाबीत चार झाले. दबा धरून केलेल्या संपूर्ण हल्ल्याची जबाबदारी त्याच्यावर टाकणारा आरोप टिकला नाही. ज्या कृत्यांत त्याचा स्वतःचा सहभाग दाखवता आला, ती टिकली. तक्रारही अशीच सुटी-सुटी मांडावी: प्रत्येक कृत्य वेगळे, त्याचा पुरावा त्याच्याखाली.

कोणता देश, कोणते कार्यालय

जर्मनीत तक्रार कोणीही करू शकतो, पीडित असणे गरजेचे नाही. ती कार्ल्सरूहे येथील संघीय महाअभियोक्त्यांकडे जाते. शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. २००२ च्या कायद्यानुसार जर्मनीशी संबंध असण्याची अट नाही, परंतु आरोपी जर्मनीत नसेल आणि येण्याची शक्यताही नसेल तर अभियोक्ता तपास नाकारू शकतो. म्हणजे आरोपी येणार असल्याचा आधार, उदाहरणार्थ त्याने स्वतः उघडपणे जाहीर केलेला दौरा, फाईलमध्ये असेल तर तिचे वजन बदलते. जानेवारी २०२२ मध्ये कोब्लेंझ येथे सीरियन अधिकारी अन्वर रस्लानला जन्मठेप झाली ती याच कायद्याखाली.

नेदरलँड्समध्ये २००३ च्या कायद्यानुसार परक्या आरोपीची हजेरी लागते, किंवा पीडित डच असावा लागतो. फ्रान्समध्ये अशी प्रकरणे पॅरिसमधील राष्ट्रीय दहशतवादविरोधी अभियोक्त्यांचा विभाग पाहतो. ब्रिटनमध्ये २००१ च्या कायद्यातील युद्धगुन्हे ब्रिटिश नागरिक आणि रहिवाशांपुरते आहेत. निव्वळ पर्यटकासाठी १९५७ चा जिनिव्हा करार कायदा किंवा छळासाठी १९८८ चा कायदा वापरावा लागतो. खासगी फिर्यादीवर अटक वॉरंट हवे असेल तर २०११ पासून सार्वजनिक अभियोग संचालकांची संमती लागते. भारतात १९६० चा जिनिव्हा करार अधिनियम आहे, पण कलम १७ प्रमाणे न्यायालय केवळ सरकारच्या किंवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याच्या तक्रारीवरच दखल घेते. नागरिकाला थेट जाता येत नाही.

कायदे कायम तसेच राहत नाहीत हेही ध्यानात ठेवावे. बेल्जियमने १९९३ चा अतिशय मोकळा कायदा अमेरिकेच्या दबावानंतर २००३ मध्ये आवळला, स्पेनने २००९ आणि २०१४ मध्ये. चार वर्षांपूर्वीच्या माहितीपत्रकावर विसंबून अर्ज लिहू नये.

कागदपत्रे

सुरुवातीला दोन-तीन पानांचा गोषवारा हवा: कोण, काय, कुठे, केव्हा, कोणते कलम. रात्रपाळीवरच्या अधिकाऱ्याला निर्णय घ्यायचा असेल तर तो तेवढेच वाचणार आहे. पाचशे पाने त्यामागे जोडा, पुढे नकोत.

आरोपीची ओळख: मूळ लिपीतील नाव, पासपोर्टवर असेल ते रोमन लिपीतील नाव, इतर ज्ञात नावे, जन्मतारीख, चेहरा स्पष्ट दिसणारे छायाचित्र, तुकडी, हुद्दा, नेमणुकीचा काळ. तोर्देनसारखे नाव बदललेले असेल तर जुन्या-नव्या नावांचा दुवा दाखवणारा कागद वेगळा जोडा. समाजमाध्यमावरील खात्याचे नुसते नाव देऊ नका, ते एका मिनिटात बदलता येते. खात्याचा अंकी क्रमांक नोंदवा. ब्राझीलच्या घटनेनंतर इस्रायली लष्कराने कर्नल आणि त्याखालील सैनिकांचे पूर्ण नाव व चेहरा माध्यमांत दाखवण्यावर निर्बंध घातले, त्यामुळे हा भाग आता अधिक कठीण झाला आहे.

घटना: तारीख, शक्य तितकी नेमकी वेळ, अक्षांश-रेखांश, आधीचे आणि नंतरचे उपग्रह छायाचित्र. व्हिडिओतील कोणती भिंत, कोणता मनोरा उपग्रह चित्रातील कोणत्या बिंदूशी जुळतो, हे क्रमांक घालून दाखवा.

डिजिटल पुराव्यात लोक सर्वाधिक चुकतात. स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे, ती खूण आहे. मूळ व्हिडिओ उतरवा, पानाचा संपूर्ण पत्ता, उतरवल्याची तारीख-वेळ आणि उतरवणाऱ्याचे नाव लिहा, आणि त्याच क्षणी फाईलचा ‘हॅश’ काढा. एसएचए-२५६ पद्धतीने ६४ अक्षरांची खूण मिळते. व्हिडिओतील एक ठिपका जरी बदलला तरी खूण पूर्ण वेगळी येते. दोन वर्षांनी बचावपक्षाने ‘हा व्हिडिओ कापलेला आहे’ म्हटले, तर उत्तर या ६४ अक्षरांत असते. व्हॉट्सअ‍ॅपवर चित्र म्हणून पाठवलेला फोटो आकसतो आणि त्यातील वेळ-ठिकाणाची अंतर्गत माहिती गळून पडते. ज्याच्याकडे मूळ आहे त्याच्याकडून फाईल म्हणूनच मागवा. नाव सोयीसाठी बदलायचे असेल तर प्रतीचे बदला, मूळ फाईलला हात लावू नका. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने आणि बर्कली येथील मानवाधिकार केंद्राने तयार केलेला ‘बर्कली प्रोटोकॉल’ याची रीत शिकवतो. आणि हे व्यर्थ जात नाही: लिबियातील लष्करी कमांडर महमूद अल-वेरफल्लीविरुद्ध आयसीसीने २०१७ मध्ये काढलेले वॉरंट मोठ्या प्रमाणात समाजमाध्यमांवरील व्हिडिओंवर उभे होते.

पीडितांचे कागद: ओळखपत्र, मृत्यूचा दाखला, वैद्यकीय नोंदी, घराच्या मालकीचा पुरावा, नात्याचा पुरावा आणि वकिलाला दिलेले मुखत्यारपत्र. युद्धात यातले बरेच जळालेले असते. जे नाही ते नाही म्हणून लिहावे, शेजाऱ्याचे प्रतिज्ञापत्र जोडावे. बनवून आणलेला एक दाखला बाकीच्या सगळ्या खऱ्या कागदांना बुडवतो.

साक्षीदारांबाबत फार जपून वागायला हवे. घर गमावलेल्या बाईकडून तीन संस्थांनी तीनदा जबाब लिहून घेतला, तर तीन जबाबांत बारीक फरक पडणारच, आणि न्यायालयात तिलाच खोटे पाडले जाईल. शिवाय तिला तेच तीनदा जगावे लागते. २०२२ मध्ये युरोजस्ट (युरोपीय संघाची न्यायिक सहकार्य संस्था) आणि आयसीसी अभियोक्ता कार्यालयाने संस्थांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेचा भर याच गोष्टीवर आहे. संपर्क, थोडक्यात काय पाहिले आणि संमती एवढेच नोंदवा. सविस्तर जबाब तपास अधिकाऱ्यावर सोपवा.

सैनिकाच्या बाजूचा पुरावा सापडला तर तोही जोडा. लपवलेला तो पुरावा बचावपक्षाने काढला की फाईलची पत संपते.

सादर करताना

फाईल आधी तयार, भाषांतरित आणि शक्य तर त्या देशातील वकिलाच्या हाती असावी. २०१९ मध्ये इराणचा माजी तुरुंग अधिकारी हमीद नूरी स्टॉकहोमच्या अरलांडा विमानतळावर उतरताच पकडला गेला, कारण पीडित आणि वकिलांनी कागद त्याच्या येण्याआधीच तयार ठेवले होते. २०२२ मध्ये त्याला जन्मठेप झाली. २०२४ मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत तो सुटला, आणि ते दुःख पीडितांना कायमचे राहिले.

गुप्तता मोडली की सगळे संपते. सप्टेंबर २००५ मध्ये निवृत्त इस्रायली मेजर जनरल डोरॉन अल्मोग यांच्याविरुद्ध लंडनमध्ये वॉरंट निघाले होते. विमान हीथ्रोवर उतरले, पण वॉरंटची कुणकुण लागल्याने ते विमानातच बसून राहिले आणि परतले. तक्रार केल्याची पोस्ट टाकण्याचा मोह आवरा. सैनिकाचा पाठलाग करणे, हॉटेलचा पत्ता जाहीर करणे, खाते हॅक करणे, त्याच्या बायको-मुलांना गाठणे हे सारे गुन्हे ठरू शकतात आणि तक्रारदारच तुरुंगात जाऊ शकतो. ठावठिकाणा कळला तर तो फक्त पोलिसांना सांगा.

एकाच कागदांची पाच देशांत झेरॉक्स पाठवू नका. प्रत्येक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवते. आधी दुसरीकडे तक्रार केली असेल तर अर्जात तसे स्पष्ट लिहा.

हेगचा मार्ग

आयसीसीच्या अभियोक्त्यांना रोम कराराच्या (ज्या कराराने हे न्यायालय स्थापन झाले) कलम १५ खाली कोणीही माहिती पाठवू शकतो, ‘ओटीपीलिंक’ या ऑनलाइन दालनातून किंवा टपालाने. शुल्क नाही. गुन्हा १ जुलै २००२ नंतरचा आणि सदस्य देशाच्या भूमीवर घडलेला, किंवा आरोपी सदस्य देशाचा नागरिक असावा लागतो; अपवाद संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने सोपवलेल्या किंवा देशाने स्वतः अधिकार मान्य केलेल्या प्रकरणांचा. पण इथे साध्या शिपायाविरुद्ध झटपट कारवाईची आशा धरू नका. हे न्यायालय प्रामुख्याने वरच्या फळीकडे पाहते, त्याच्याकडे स्वतःचे पोलीस नाहीत, आणि आरोपीच्या गैरहजेरीत तिथे खटला चालत नाही. माहिती पाठवल्याने तुम्ही खटल्यातील पीडित ठरत नाही. त्यासाठी न्यायालयाच्या निबंधक कार्यालयाचा वेगळा अर्ज भरावा लागतो, आणि तो न भरल्याने अनेकांचा हक्क अडकतो.

चौकशीला बोलावलेल्याचे हक्क

ज्याच्यावर आरोप आहे त्यालाही वकील, दुभाषी आणि गप्प राहण्याचा हक्क आहे. ताब्यात घेतल्यास १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ प्रमाणे आपल्या वकिलातीला कळवण्याची मागणी तो करू शकतो. पदावरील परराष्ट्रमंत्र्याला दुसऱ्या देशाच्या न्यायालयांपासून संरक्षण असते, असे आंतरराष्ट्रीय न्यायालयाने (देशादेशांतील वाद ऐकणारे, आयसीसीहून वेगळे न्यायालय) २००२ मध्ये सांगितले. ‘मी सरकारी कामावर होतो’ हा बचाव मात्र जर्मनीच्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये एका अफगाण लेफ्टनंटच्या प्रकरणात फेटाळला. हे हक्क पाळले गेले नाहीत तर खटला अपिलात कोसळू शकतो, म्हणून तक्रारदारानेही ते पाळले जावेत असाच आग्रह धरावा.

नकार आला तर तो लेखी मागून घ्या आणि कारण पाहा: हजेरी नव्हती, ओळख पटली नाही, की कृत्य कलमात बसले नाही. पहिल्या कारणाने फाईल मरत नाही. रोम कराराच्या कलम २९ प्रमाणे या गुन्ह्यांना मुदतीची मर्यादा नाही आणि अनेक देशांचे कायदेही तसेच आहेत. मूळ फाईली दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, हॅशची यादी कागदावर छापून सही-तारखेनिशी जपा, आणि साक्षीदारांचे बदललेले पत्ते दर सहा महिन्यांनी नोंदवत राहा.