मिकोको पामोजा

केन्याच्या दक्षिण किनाऱ्यावर, गाझी उपसागरात, गावकऱ्यांनी चालवलेला कांदळवन-संवर्धनाचा कार्बन प्रकल्प. स्वाहिली नावाचा अर्थ ‘कांदळवने, सगळे मिळून’. खाजणातले रान राखायचे, त्यात साठणाऱ्या कार्बनची प्रमाणपत्रे आपल्या धुराची भरपाई करू पाहणाऱ्यांना विकायची आणि आलेल्या पैशातून गावाची कामे करायची, असा हा व्यवहार. २०१३ मध्ये त्याला ‘प्लॅन व्हिवो’ या, गावकऱ्यांच्या कार्बन प्रकल्पांसाठीच्या मानकाची मान्यता मिळाली. कांदळवनाच्या कार्बनविक्रीवर चालणारा जगातला पहिला समुदाय-प्रकल्प म्हणून त्याचे नाव घेतले जाते.

गाझी मोंबासाच्या दक्षिणेस सुमारे ५० किमी.वर, क्वाले काउंटीत आहे. गाझी आणि माकोंगेनी ही प्रकल्पातली दोन गावे. वस्ती मुख्यतः दिगो लोकांची, पोट मासेमारीवर. चाले द्वीपकल्पाच्या आडोशामुळे उपसागरात लाटांचा जोर नसतो आणि किदोगोवेनी व म्कुरुमुजी या नद्या गोडे पाणी व गाळ आणून टाकतात. त्या गाळावर सहाशे हेक्टरांहून थोडे अधिक कांदळवन उभे आहे. कोकणातल्या खाडीकाठच्या माणसाला ही झाडे परकी वाटणार नाहीत : तिथला म्चू म्हणजे आपला तिवर, म्लिलाना म्हणजे चिपी आणि म्कोको म्हणजे कांदळ. ‘मिकोको’ हे म्कोकोचेच अनेकवचन.

कांदळाचे सरळ वासे पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून पूर्वापार गलबतांत भरून अरबस्तानात जात. त्यांना ‘बोरिती’ म्हणतात. घराचा सांगाडा, चुलीचे जळण, सगळे यातूनच. गाझीतल्या रानाला मोठा फटका बसला तो १९७० च्या दशकात, कारखानदारीच्या जळणासाठी झालेल्या तोडीने. तोडलेली जागा पुन्हा आपोआप भरली नाही. काही ठिकाणी नुसता चिखल उघडा पडला. १९९१ पासून केन्याच्या सागरी व मत्स्य संशोधन संस्थेने तिथे लागवडीचे प्रयोग सुरू केले. कांदळवनतज्ज्ञ जेम्स कैरो यांचे नाव या कामाशी कायमचे जोडलेले आहे. पुढे स्कॉटलंडमधील एडिनबर्ग नेपियर विद्यापीठाचे संशोधकही त्यात आले. हेक्टरी किती कार्बन साठतो याचे आकडे त्यामुळे विक्रीची गोष्ट निघण्याआधीच हाताशी होते. पुष्कळ वनकार्बन प्रकल्पांत नेमका हाच क्रम उलटा असतो.

प्रकल्पाखाली सगळे रान नाही, ११७ हेक्टर आहे. त्यातले १०७ हेक्टर नैसर्गिक, १० हेक्टर लावलेले. जमीन गावाची नाही, सरकारची. पण केन्याच्या २००५ च्या वन कायद्याने स्थानिक वनसंघांना वनसेवेशी व्यवस्थापनाचा करार करता येऊ लागला आणि त्या करारातूनच गावाला कार्बन विकण्याची वाट मिळाली. दरवर्षी सुमारे ३,००० टन कार्बन डायऑक्साइडइतकी बचत हिशेबात धरली जाते. एका टनाला एक प्रमाणपत्र. विक्रीचे काम स्कॉटलंडमध्ये नोंदलेली एसेस ही धर्मादाय संस्था पाहते. मानकाच्या नियमानुसार उत्पन्नाचा किमान ६० टक्के हिस्सा समुदायाकडे जावा लागतो आणि बाहेरच्या परीक्षकाकडून तपासणी करून घ्यावी लागते. काही प्रमाणपत्रे न विकता राखीव ठेवतात, कारण रान मरूही शकते. १९९७-९८ च्या एल निनोच्या पुरात मोंबासाजवळच्या म्वाचे खाडीत गाळाखाली कांदळवन मोठ्या प्रमाणावर मेले होते.

दुसरी अडचण गळतीची. इथे तोड थांबवली आणि लोक शेजारच्या खाडीत कुऱ्हाड घेऊन गेले, तर वातावरणाच्या दृष्टीने काहीच साधले नाही. म्हणून गावांच्या जमिनीवर सुरूची झाडे लावली; वासे आणि जळण तिथून मिळावे असा हेतू. दरवर्षी थोडी कांदळ-लागवड, राखण आणि ठरलेल्या तुकड्यांतल्या झाडांचे मोजमाप ही कामे गावकरीच करतात.

आता लाभ. सुरुवातीच्या वर्षांत उत्पन्न वर्षाला बारा-पंधरा हजार अमेरिकी डॉलरच्या आसपास होते आणि दोन्ही गावांची लोकसंख्या पाच हजारांवर. ते घरोघर वाटले असते तर माणशी दोन-तीन डॉलर हाती पडले असते, म्हणजे काहीच नाही. गावांनी ते वाटले नाहीत. निवडलेली समिती लोकांची मते घेते, गावसभेत, म्हणजे ‘बराझा’त, काम ठरते आणि पैसा सामाईक कामाला लागतो. आधी पाणी आले : नळयोजना, सार्वजनिक नळ. मग शाळेची पुस्तके आणि इमारतींची डागडुजी. प्रकल्पाच्या यशाचे गमक कार्बनच्या भावापेक्षा या निर्णयात अधिक आहे. ज्या बाईचे पाण्यासाठीचे हेलपाटे वाचले, तिला टन आणि प्रमाणपत्र यांचा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. रान राखल्याचा मासळीला होणारा उपयोग आणि किनाऱ्याची धूप रोखली जाणे हे लाभ निराळे. त्यांची किंमत कुणी देत नाही. २०१७ मध्ये प्रकल्पाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

आक्षेप आहेत आणि ते खोडून काढण्याजोगे नाहीत. प्रमाणपत्र घेणारा बहुधा युरोपातला. तो आपला धूर कमी करतोच असे नाही. भाव बाजार ठरवतो, गाव नाही. आणि तोडबंदीची झळ सर्वांत आधी त्याच घराला बसते ज्याच्याकडे चुलीसाठी दुसरे काही नसते. केन्यातच आत कासिगाऊ पट्ट्यात सुमारे दोन लाख हेक्टर कोरड्या रानावर असाच, पण प्रचंड प्रमाणावरचा प्रकल्प आहे. त्याच्यापुढे गाझीचा आकार नगण्य दिसतो. मात्र गावसभेला पूर्ण हिशेब कळावा एवढाच तो आहे, हेही खरे.

महाराष्ट्रात कांदळवनांसाठी २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. किनाऱ्यावरच्या गावांना खेकडापालन, कालवपालन अशा धंद्यांसाठी अनुदान देऊन राखणीत सामील करून घेण्याची पद्धत इथे आहे. पैसा कार्बनच्या गिऱ्हाइकाकडून नव्हे, सरकारकडून येतो.

गाझीचा नमुना पुढे टांझानियाच्या सीमेलगत वांगा, जिंबो आणि किवेगू या गावांनी उचलला. ‘वांगा ब्लू फॉरेस्ट’ नावाच्या त्या प्रकल्पाखाली ४६० हेक्टर कांदळवन आहे, गाझीच्या जवळजवळ चौपट.