दोन शहरांतलं हवाई अंतर आणि फ्लाइटचा वेळ

दोन लांबच्या शहरांतलं हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरून त्या दोघांना जोडणारी सगळ्यात छोटी वाट, हिला ग्रेट सर्कल म्हणतात. हे अंतर अक्षांश-रेखांशावरून काढतात आणि ते ठरलेलं असतं, रोज बदलत नाही. बदलतो तो वेळ, आणि खरी गंमत तिथेच आहे.

आधी वाटेचं बघू. टोकियो आणि न्यूयॉर्क दोन्ही साधारण सारख्याच अक्षांशावर, त्यामुळे भिंतीवरच्या नकाशात वाटतं की विमान पॅसिफिकवरून सरळ पूर्वेला जात असेल, पण ग्लोबवर दोरा ताणून बघा, तो अलास्का आणि कॅनडाच्या उत्तरेकडून जातो. अंतर साधारण १०,८५० किमी. पृथ्वीचा घेर ४०,००० किमीच्या आसपास, म्हणजे कुठलीही दोन शहरं फार फार तर २०,००० किमी लांब असू शकतात, त्याहून जास्त नाहीच.

मोठी जेट विमानं ताशी ९०० किमीच्या आसपास उडतात, पण हा वेग भोवतालच्या हवेच्या हिशोबात असतो, जमिनीच्या नाही. साधारण १० किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे असतात, जेट स्ट्रीम, ते पाठीशी आले तर विमान पळतं आणि समोरून आले तर रखडतं. लंडन-न्यूयॉर्क अंतर जेमतेम ५,५५० किमी, तरी न्यूयॉर्कला जाताना ८ तासांच्या आसपास लागतात आणि येताना ७ किंवा त्याहून कमी. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्याच्या जोरावर ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ५ तासांच्या आत पोचलं होतं! म्हणूनच पायलट कधीकधी मुद्दाम लांबची वाट घेतात, किलोमीटर वाढले तरी वारा साथ देत असेल तर वेळ आणि इंधन दोन्ही वाचतं.

वाऱ्याइतकंच राजकारणही आडवं येतं. २०२२ मध्ये रशियाचं आकाश युरोपातल्या विमान कंपन्यांना बंद झालं, तेव्हा हेलसिंकी-टोकियो ही साडेनऊ-दहा तासांची फ्लाइट १३ तासांच्या घरात गेली. शहरं होती तिथेच होती, वाट तेवढी वळली.

तिकिटावरचा वेळ हा निव्वळ उडण्याचा नसतो हेही बरेच जण विसरतात, त्यात गेटवरून निघून धावपट्टीपर्यंत जाणं आणि उतरल्यावर परत गेटला लागणं धरलेलं असतं, शिवाय उशीर दिसू नये म्हणून कंपन्या थोडे मिनिटं जास्तच लावतात. घरबसल्या अंदाज हवा असेल तर किलोमीटरला ८५० ने भागायचं आणि वर अर्धा तास टाकायचा. सिंगापूर-न्यूयॉर्क या जगातल्या सगळ्यात लांब नॉनस्टॉप फ्लाइटपैकी एकीचं अंतर साधारण १५,३०० किमी, या हिशोबाने साडेअठरा तास येतात आणि प्रत्यक्षातही जवळपास तेवढेच लागतात. मात्र मध्ये विमान बदलायचं असेल तर हा हिशोब सोडून द्या.

घड्याळावर तर अजिबात विसंबू नका. तिकिटावरच्या वेळा त्या-त्या शहराच्या असतात. उन्हाळ्यात टोकियो न्यूयॉर्कच्या १३ तास पुढे असतं, त्यामुळे टोकियोहून सकाळी ११ ला निघून १३ तासांनी उतरलात तर न्यूयॉर्कमध्येही त्याच दिवसाचे सकाळचे ११ वाजलेले असतात. उलट दिशेने दुपारी १ ला निघून १४ तास उडालात, की टोकियोत दुसऱ्या दिवसाचे दुपारचे ४ वाजलेले.