डोक्याच्या मागच्या भागातले स्पाइक्स: बालवयातल्या एका अपस्माराची पार्श्वभूमी

मुलाच्या ईईजीच्या, म्हणजे मेंदूच्या विद्युतलहरींच्या आलेखाच्या, रिपोर्टवर ‘ऑक्सिपिटल स्पाइक्स’ (मेंदूच्या मागच्या भागातल्या टोकदार लहरी) असं लिहून आलं की आईवडिलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हे अपस्माराचं, म्हणजे फिटचं, दुखणं आयुष्यभर मागे लागणार का? बहुतेक मुलांची फिट काही वर्षांत कायमची थांबते. पण नुसत्या आलेखाकडे बघून ते सांगता येत नाही, आणि एवढी गोष्ट उमगायला वैद्यकाला कित्येक दशकं लागली.

माणसाच्या मेंदूच्या विद्युतलहरी पहिल्यांदा टिपल्या त्या जर्मनीतल्या येना इथे हान्स बर्गर यांनी, 1924 साली. 1929 मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. डोळे मिटले की उमटणारी आणि उघडले की मावळणारी अल्फा लय ही त्यांचीच नोंद. ही लय डोक्याच्या मागच्या बाजूला, दृष्टीचं काम चालतं तिथे सर्वांत ठळक दिसते. पुढे 1950 च्या दशकात अमेरिकेत फ्रेडरिक आणि अर्ना गिब्स या दांपत्याने असंख्य मुलांचे आलेख तपासले. लहान मुलांत याच भागात टोकदार स्पाइक्स दिसतात, वय वाढलं की ते नाहीसे होतात किंवा दुसरीकडे सरकतात, हे त्यांच्या लक्षात आलं. जन्मापासून दृष्टी अधू असलेल्या मुलांतही असे स्पाइक्स सापडत होते, आणि त्यांतल्या कित्येकांना कधी आकडी आलेलीच नव्हती. मला तर वाटतं, नुसत्या आलेखावर विसंबण्याबाबत सावध व्हायला तेवढं पुरेसं होतं.

तरी पुढची वाटचाल आलेखाच्याच बोटाला धरून झाली. फ्रान्समध्ये मार्सेच्या आंरी गास्तो यांनी 1982 मध्ये एक नवा अपस्मार मांडला. त्यातली मुलं साधारण आठ-नऊ वर्षांची. त्यांना डोळ्यांपुढे रंगीत गोल दिसायचे, काही क्षण दिसेनासं व्हायचं, मग डोकं ठणकायचं. त्यामुळे अर्धशिशी समजून उपचार होणं अगदी स्वाभाविक होतं. ईईजीवरचं चित्र मात्र लक्षात राहण्यासारखं होतं. तंत्रज्ञ ‘डोळे मीट’ म्हणाला की मागच्या भागात मोठ्या स्पाइक-लहरींची रांग सुरू, ‘डोळे उघड’ म्हणाला की गायब. ग्रीक न्यूरॉलॉजिस्ट क्रिसोस्तोमोस पानायोतोपूलोस यांनी त्याच सुमारास दाखवून दिलं की इथे प्रश्न उजेड-अंधाराचा नाही, नजर स्थिरावण्याचा आहे. डोळे उघडे असले तरी नजरेला स्थिरावायला काही मिळालं नाही, तर लहरी उमटतात.

याच पानायोतोपूलोस यांनी आलेखावरून लक्ष हटवून फिटकडे बघितलं, आणि चित्र पालटलं. त्यांना भेटलेली बरीच मुलं तीन ते सहा वर्षांची होती. मूल रात्री झोपेतून उठतं, ‘मळमळतंय’ म्हणतं, पांढरंफटक पडतं, ओकतं. मग डोळे एका बाजूला वळतात, हाक मारली तर ओ देत नाही. अर्धा तासही हे चालू राहू शकतं. घरच्यांना वाटतं पोट बिघडलं, आणि दवाखान्यात मेंदूज्वराची शंका येऊन पाठीतलं पाणीही काढलं जातं. उलटी हा फिटचाच भाग आहे, हे त्यांनी 1988 मध्ये ठामपणे मांडलं. 1989 मध्ये पंधरा वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष आले: फिट बघून छातीत धस्स होतं, पण पुढचा प्रवास बहुतेकांचा चांगला. साधारण एकतृतीयांश मुलांना आयुष्यात एकच फिट येते, आणि बहुतेकांची पहिल्या फिटपासून एक-दोन वर्षांत थांबते.

त्यांतल्या अनेकांचे स्पाइक्स मागच्या भागात नव्हतेच. काहींचा जागेपणीचा ईईजी अगदी नॉर्मल, झोपेतल्या आलेखातच काय ते सापडायचं. म्हणजे ज्या खुणेवरून हा आजार ओळखायचा, तीच कधी हजर, कधी गैरहजर.

उलट धोकाही होताच. मागच्या भागातले स्पाइक्स दिसले म्हणून आजार सौम्यच, असं धरून चालत नाही. आपल्याकडे हे फार महत्त्वाचं आहे. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत बाळाची साखर खूप उतरली तर मेंदूच्या नेमक्या याच भागाला इजा होते, आणि तान्हेपणी सुरू होणाऱ्या अपस्माराचं हे एक मोठं कारण असल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवलं. अशा मुलांची फिट सहजासहजी आटोक्यात येत नाही, दृष्टी आणि बौद्धिक वाढही मागे राहू शकते. म्हणून जन्मवेळची माहिती, मुलाची वाढ आणि एमआरआय यांना आलेखाइतकंच, किंबहुना जास्त वजन द्यायला हवं.

अपस्माराच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 1989 च्या वर्गीकरणात सगळ्याला ‘ऑक्सिपिटल’ हे एकच नाव होतं. 2001 मध्ये लवकर सुरू होणारा आणि उशिरा सुरू होणारा असे दोन प्रकार झाले. 2022 मध्ये लहान वयातल्या प्रकाराच्या नावातून मेंदूचा तो भागच गळला. आता ओळख आहे ती उलटी, पांढरं पडणं अशा स्वायत्त (शरीरात आपल्या ताब्याबाहेर घडणाऱ्या) लक्षणांची, आणि आपोआप थांबण्याची. गास्तो यांच्या प्रकाराला दृष्टीचं नाव राहिलं. तिथे निम्म्याहून थोड्या जास्त मुलांची फिट दोन-चार वर्षांत थांबते, बाकीच्यांना औषध जास्त काळ घ्यावं लागतं.

फिट थांबून वर्षं लोटली तरी स्पाइक्स ईईजीवर रेंगाळत राहू शकतात. म्हणून नुसत्या त्यांच्याकडे बघून औषध चालू ठेवायचं की बंद करायचं, हे डॉक्टर ठरवत नाहीत. शेवटची फिट कधी आली होती, हे ते आधी विचारतात.