वांग झीझी

वांग झीझी (जन्म ८ जुलै १९७७, बीजिंग) हा चीनचा बास्केटबॉल खेळाडू आणि एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगमध्ये, खेळलेला पहिला चिनी माणूस. हो, याओ मिंग (चीनचाच दुसरा उंच खेळाडू) नाही. नाव याओचं झालं म्हणून बहुतेकांना तोच पहिला वाटतो, पण वांग त्याच्या दीड वर्ष आधी तिथे उतरला होता. चीनमध्ये आडनाव आधी लावतात, म्हणजे वांग हे आडनाव आणि झीझी हे नाव, फॅन लोक मात्र त्याला 'दा झी' म्हणतात, म्हणजे मोठा झी. आई-वडील दोघंही बास्केटबॉल खेळलेले, याची उंची सात फूट, वर डावखुरा. एवढ्या उंचीचा माणूस सहसा बास्केटखाली उभा राहून धक्काबुक्की करतो, याला त्यात फारसा रस नव्हता, हा बाहेर यायचा आणि तीन पॉइंटच्या रेषेमागून डाव्या हाताने शांतपणे बॉल टाकायचा. आता असे उंच शूटर प्रत्येक टीममध्ये असतात, तेव्हा हे नवल होतं.

त्याची गोष्ट समजायची तर आधी त्याची टीम समजून घ्यावी लागते. 'बायी' म्हणजे आठ-एक, १ ऑगस्ट, चिनी लष्कराचा स्थापना दिवस (साल १९२७). आपल्याकडे रणजीत सर्व्हिसेसची टीम असते ना, तशीच ही लष्कराची टीम, फरक एवढाच की ही सगळ्यांना धुवायची. १९९५ मध्ये चीनची प्रो लीग म्हणजे सीबीए सुरू झाली आणि पहिली सहाच्या सहा विजेतेपदं बायीने नेली, तीही एकही परदेशी खेळाडू न घेता, कारण लष्कराच्या टीममध्ये परदेशी माणूस चालत नाही. वांग नुसता कॉन्ट्रॅक्टवरचा खेळाडू नव्हता, तो लष्कराचा माणूस होता. १९ वर्षांचा असताना १९९६ ची अटलांटा ऑलिंपिक खेळला, २००० मध्ये सिडनीला तो, याओ आणि मेंगके बातेर असे तिघे धिप्पाड एकत्र उभे राहिले तेव्हा त्यांना 'चालती ग्रेट वॉल' म्हणायला लागले.

१९९९ च्या ड्राफ्टमध्ये (एनबीएच्या टीम नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात तो) डॅलस मॅव्हरिक्स या टीमने त्याला दुसऱ्या राउंडमध्ये, ३६ व्या नंबरवर घेतलं. घेतलं खरं, पण लष्कर सोडेना. जवळपास दोन वर्षं बोलणी चालली आणि शेवटी एप्रिल २००१ मध्ये, सीबीएचा सीझन उरकल्यावर, त्याला जाऊ दिलं. म्हणजे ती नोकरी कमी आणि रजा जास्त होती, उन्हाळ्यात परत येऊन देशासाठी खेळायचं ही अट होतीच. पहिल्या उन्हाळ्यात तो आला, खेळला, परत गेला. त्यामुळे २००२ मध्ये याओच्या शांघाय टीमने सीबीएच्या फायनलमध्ये बायीला हरवलं तेव्हा वांग डॅलसला होता. तो असता तर काय झालं असतं, हा वाद चिनी फॅन लोकांना अजून पुरतो.

घोळ झाला २००२ च्या उन्हाळ्यात. वांगचं म्हणणं होतं की अमेरिकेत राहून समर लीग खेळतो, सराव करतो, वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या आधी टीमला जॉइन होतो. वरून उत्तर आलं, आधी परत ये. तो गेला नाही. अधिकारी समजावायला अमेरिकेत आले तरी गेला नाही, आणि लष्करातल्या माणसाने परत न जाणं म्हणजे साधी गैरहजेरी नसते हे त्याला माहीत नसेल असं नाही, पण एकदा नाही म्हटल्यावर जाणं आणखी अवघड होत गेलं असावं. ऑक्टोबरमध्ये त्याला राष्ट्रीय टीममधून काढलं. त्याच महिन्यात बुसानच्या एशियन गेम्समध्ये चीन फायनलला दक्षिण कोरियाकडून हरला, म्हणजे राग दुप्पट. तिकडे याओ त्याच वर्षी ड्राफ्टमध्ये पहिल्या नंबरवर गेला, देशासाठी परत यायची अट पाळून. वांगच्या प्रकरणानंतर ती अट कोणी विसरणं शक्यच नव्हतं.

एनबीएमध्ये पुढे तो लॉस एंजेलिस क्लिपर्सकडे आणि मग मायामी हीटकडे गेला, पण बहुतेक वेळ बेंचवर. शॉट चांगला, पण डिफेन्स कच्चा आणि रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर पकडलेले बॉल) तर सात फुटाच्या माणसाला शोभणार नाहीत इतके कमी. एनबीएमधली त्याची सरासरी आहे मॅचला ४.४ पॉइंट. तुलनेला बातेर बघा, खेळायला त्यालाही फार मिळालं नाही पण २००३ मध्ये सॅन अँटोनियोच्या टीमबरोबर एनबीए चॅम्पियनशिपची अंगठी (विजेत्या टीमला मिळते ती) घेऊन गेला. वांगचं २००५ मध्ये कॉन्ट्रॅक्ट गेलं आणि घरचा रस्ता आधीच बंद, तेलही गेलं तूपही गेलं अशी गत.

एप्रिल २००६ मध्ये तो बीजिंगला परतला आणि देशाची, लष्कराची जाहीर माफी मागितली. लोकांना वाटलं होतं शिक्षा होईल, प्रत्यक्षात जर्सी परत मिळाली, उंच आणि शूट करणारा माणूस कोणाला नको असतो. त्याच वर्षी दोहा एशियन गेम्सचं सोनं, लगेच २००६-०७ मध्ये बायीला सीबीएचं विजेतेपद (त्यांचं आठवं आणि शेवटचं), २००८ ची घरची ऑलिंपिक, २०१० मध्ये ग्वांगझूला परत सोनं. ३५ व्या वर्षी लंडन ऑलिंपिकही खेळला, तिथे चीन पाचही मॅच हरला. पाय मंदावले होते पण डावा हात तसाच होता.

२०१६ मध्ये त्याने निवृत्ती घेतली आणि पुढे बायीचाच कोच झाला. ऑक्टोबर २०२० मध्ये, नवीन सीझन सुरू होताहोताच, लष्कराने बायीला सीबीएमधून काढून घेतलं.