आतडं ठीक दिसतंय, मग तुकडा कशाला?

एंडोस्कोपी चालू असते. पडद्यावर गुलाबी, ओलसर आतडं दिसतं. व्रण नाही, सूज नाही, रक्त नाही. तरीही डॉक्टर दुर्बिणीतून बारीक चिमटा आत सोडतात आणि अस्तराचे काही मिलिमीटरचे तुकडे काढतात. रुग्ण नंतर हमखास विचारतो, सगळं ठीक होतं तर तुकडा कशाला? त्यातून ‘बायोप्सी’ म्हटलं की आधी कर्करोगच डोळ्यांपुढे येतो. लहान आतड्याची बायोप्सी मात्र बऱ्याचदा वेगळ्याच प्रश्नासाठी होते : खाल्लेलं अंगी का लागत नाही?

लहान आतड्याच्या अस्तरावर बोटांसारखे असंख्य उंचवटे असतात, त्यांना रसांकुर म्हणतात. त्यांची उंची जेमतेम अर्धा ते एक मिलिमीटर, पण अन्नरस शोषला जातो तो मुख्यतः त्यांच्यातूनच. त्यांच्या बुडाशी खळगे असतात. निरोगी रसांकुर खळग्याच्या साधारण तिप्पट उंच. सीलिअॅक आजारात गहू, जव, राय यांतल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारशक्ती या अस्तरावरच उलटते. रसांकुर खुरटतात, खळगे खोल होतात आणि वरच्या थरात लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशी घुसतात. दुर्बिणीला यातलं काहीच न दिसण्याची शक्यता असते. म्हणूनच आजाराचा संशय असेल तर आतडं छान दिसतंय म्हणून बायोप्सी टाळू नये, असं मला ठामपणे वाटतं.

१९५७च्या सुमारास यासाठी क्रॉस्बी कॅप्सूल आली. बारीक नळीला बांधलेली ही डबी रुग्ण गिळायचा, ती जागेवर पोचली का हे क्ष-किरणांनी बघायचं, मग नळीतून हवा ओढली की अस्तर डबीच्या भोकात खेचलं जायचं आणि आतलं स्प्रिंगचं पातं फिरायचं. कित्येक तासांच्या खटाटोपाला तुकडा एक! आज हे काम काही मिनिटांत होतं. चिमट्याने तुकडा घेतलेला दुखत नाही.

सीलिअॅकची इजा ठिगळाठिगळांनी असू शकते, म्हणून एका तुकड्यावर भागत नाही. पोटाच्या पिशवीनंतर सुरू होणाऱ्या ड्युओडेनमच्या दुसऱ्या भागातून किमान ४ आणि सुरुवातीच्या फुगीर भागातून एक-दोन तुकडे घ्यावेत, असा संकेत आहे. तुकडा तिरका कापला गेला तर धडधाकट रसांकुरही सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्टीवर खुजे दिसतात. इतक्या छोट्या गोष्टीवर निदान फिरू शकतं.

कधी उत्तर तिथल्या तिथे मिळतं. अस्तराला चिकटलेले नासपतीच्या आकाराचे जिआर्डिया परजीवी दिसतात किंवा व्हिपल आजारातल्या, जिवाणूंनी ठासून भरलेल्या पेशी. पण खुरटलेले रसांकुर म्हणजे सीलिअॅकच असं नाही. ट्रॉपिकल स्प्रू या उष्ण प्रदेशांतल्या आतड्याच्या आजारात आणि रक्तदाबाच्या ओल्मेसार्टन या औषधामुळेही तसं होऊ शकतं. म्हणून अहवाल रक्तातल्या अँटिबॉडी आणि रुग्णाची हकिकत यांच्या जोडीनेच वाचायचा.

एक चूक मात्र फार महागात पडते. संशय आला की लोक आपणहून ग्लुटेन बंद करतात. बरं वाटू लागतं, रसांकुर हळूहळू पुन्हा वाढतात, अँटिबॉडीही उतरतात. अशा वेळी घेतलेला तुकडा निरोगी दिसू शकतो, आणि खात्री करायची तर पुन्हा काही आठवडे ग्लुटेन खाऊन, त्रास सोसून बायोप्सीला यावं लागतं.