जुन्या सेमी-ऑटो बंदुका जमवताय? पैसे भरायच्या आधी हे वाचा

नमस्कार मंडळी! आमचं दुकान डेलावेअर नदीच्या पेनसिल्वेनियाच्या बाजूला, बक्स काउंटीत आहे, ट्रेंटनचा पूल ओलांडला की अगदी जवळ. आणि आमचे निम्मे मराठी ग्राहक नदीच्या त्या बाजूचे, एडिसन, प्लेन्सबरो, प्रिन्स्टनकडचे. फोनवर तेच तेच प्रश्न येतात आणि तीच तीच उत्तरं देऊन घसा बसतो, म्हणून एकदाचं लिहून काढलंय. हे वकिली मत नाही, दुकानदाराचा अनुभव आहे.

आधी एका काकांची गोष्ट सांगतो. काका रिटायर्ड, न्यू जर्सीत राहणारे, वर्ल्ड वॉर टू म्हणजे जीव की प्राण. ऑनलाइन लिलावात त्यांना एम-१ कार्बाइन, म्हणजे त्या युद्धातली अमेरिकी सैन्याची हलकी सेमी-ऑटो रायफल, दिसली आणि तीसुद्धा रॉक-ओलाने बनवलेली. रॉक-ओला म्हणजे ज्यूकबॉक्स बनवणारी कंपनी बरं का, युद्धात सगळ्यांनाच कामाला लावलं होतं, आयबीएमनेही ही कार्बाइन बनवली आणि अंडरवुड टाइपरायटरवाल्यांनी पण, सगळ्या मिळून साठ लाखांहून जास्त निघाल्या. तर काकांनी बोली लावली, जिंकली, पैसे भरले, पत्ता आमच्या दुकानाचा दिला आणि मग आम्हाला फोन केला. आम्ही म्हटलं काका, ही तुम्हाला घरी नेता येणार नाही. ते म्हणाले अरे, ऐंशी वर्षांची बंदूक आहे, म्युझियममध्ये असते! असते ना, पण न्यू जर्सीच्या १९९० च्या कायद्यात बंदी असलेल्या बंदुकांची नावानिशी यादी आहे आणि त्यात ‘एम-१ कार्बाइन टाइप’ असं स्वच्छ लिहिलंय. पेनसिल्वेनियात तीच बंदूक साधी रायफल, इथे अशी राज्याची यादीही नाही आणि मॅगझिनमध्ये किती गोळ्या यावर मर्यादाही नाही. मध्ये फक्त एक नदी. काकांनी शेवटी ती तोट्यात विकली, आणि वर आमच्यावरच दोन दिवस रुसले.

म्हणून पहिला नियम, बंदूक किती जुनी आहे ते नंतर बघा, आधी तुम्ही कुठे राहता ते बघा.

सेमी-ऑटो म्हणजे काय

नवीन लोकांसाठी सांगतो, ट्रिगर एकदा ओढला की एकच गोळी सुटते आणि पुढची गोळी आपोआप चेंबरमध्ये येऊन बसते, पुन्हा ओढला की पुन्हा एक. ट्रिगर दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात ती मशिनगन, तिचा कायदा पूर्ण वेगळा आहे आणि आम्ही त्या धंद्यात नाही. पण जुन्या सेमी-ऑटोची मजा अशी की १८९० ते १९५० च्या काळात प्रत्येकाने हे काम आपल्या डोक्याने केलंय. वेब्ली-फॉसबेरी हे रिकॉइलवर, म्हणजे गोळी सुटताना मागे बसणाऱ्या धक्क्यावर, स्वतःच सिलिंडर फिरवणारं रिव्हॉल्व्हर आहे. जॉन्सन १९४१ रायफलचं मॅगझिन आतल्या आत गोल फिरतं. इजिप्तची हकीम ही मुळात स्वीडनची ल्युंगमन, आणि बोल्ट परत मारताना तिच्यात बोट अडकलं की माणूस आयुष्यभर लक्षात ठेवतो. आमच्याकडे हकीम आली की आधी ग्राहकाला अंगठा कुठे ठेवायचा ते दाखवतो आणि मग किंमत सांगतो.

मराठी माणूस दुकानात आला की हमखास विचारतो, आझादांचं पिस्तूल आहे का? आहे की! चंद्रशेखर आझादांचं पिस्तूल अलाहाबादच्या म्युझियममध्ये आहे, ते कोल्टचं १९०३ चं मॉडेल, .३२ कॅलिबर, डिझाइन जॉन ब्राउनिंगचं. अशी पाच लाखांहून जास्त बनली त्यामुळे अमेरिकेत ती अजून बऱ्यापैकी मिळतात, मॅगझिन ८ गोळ्यांचं, म्हणजे न्यू जर्सीच्या १० गोळ्यांच्या मर्यादेत आरामात बसतं. ज्याला कलेक्शन सुरू करायचंय त्याला आम्ही हेच सुचवतो, दिसायला सुंदर आणि कायद्याचा त्रास कमीत कमी. पण कमीत कमी म्हणजे शून्य नाही हां, न्यू जर्सीत प्रत्येक पिस्तुलाला वेगळं परमिट लागतं, ते ९० दिवस चालतं, एक परमिट एक पिस्तूल. आणि तुम्ही न्यू जर्सीचे रहिवासी असाल तर आम्ही पिस्तूल काउंटरवरून तुमच्या हातात देऊच शकत नाही, ते फेडरल कायद्यानेच बंद आहे, आम्ही ते तुमच्या गावच्या डीलरकडे पाठवतो आणि तुम्ही तिथून घेता. रायफलचं तसं नाही, दोन्ही राज्यांचे नियम पाळून ती देता येते, पण खरं सांगू का, आम्ही तीही तुमच्या डीलरकडेच पाठवतो. डोक्याला ताप नको.

कलेक्टरचं लायसन्स, ज्याच्याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत

फेडरल सरकारचं एक लायसन्स आहे, टाइप ०३, क्युरिओ अँड रेलिक, म्हणजे जुन्या, जमवण्याजोग्या बंदुकांसाठीचं. ३ वर्षांचे ३० डॉलर. एवढ्या पैशात एडिसनला दोघांचं जेवणसुद्धा होत नाही. ५० वर्षं झालेली आणि मूळ अवस्थेत असलेली बंदूक ह्यात येते, म्हणजे सत्तरच्या दशकातल्या आता एकेक करून आत येतायत, शिवाय एटीएफने, म्हणजे बंदुकांचा कारभार बघणाऱ्या फेडरल खात्याने, खास नाव घालून मान्य केलेल्या काही आहेत. हे लायसन्स असलं की दुसऱ्या राज्यातून अशी बंदूक थेट तुमच्या नोंदवलेल्या पत्त्यावर येऊ शकते आणि आमच्याकडून घेताना बंदूक खरेदीचा फेडरल ४४७३ फॉर्म भरावा लागत नाही, लायसन्सची सही केलेली कॉपी दिली की झालं. बदल्यात तुम्ही वही ठेवायची, कुठली बंदूक कधी आली, कुणाकडून आली, कधी कुणाला गेली. ही वही किराणाच्या उधारीच्या वहीसारखी लिहू नका प्लीज, एटीएफला ती तपासायचा अधिकार आहे. आणि ह्या लायसन्सवर धंदा करायचा नाही, घेऊन लगेच विकायचं असेल तर ते कलेक्शन नाही, दुकानदारी झाली.

आता गैरसमज. हे लायसन्स राज्याच्या कायद्यावर मात करत नाही. न्यू जर्सीतल्या माणसाने ०३ काढलं तरी एफआयडी कार्ड, म्हणजे राज्याचं बंदूक खरेदीचं ओळखपत्र, लागतंच, पिस्तुलाचं परमिट लागतंच आणि एम-१ कार्बाइनला बंदी राहतेच. आमच्याकडे लोक लायसन्स फ्रेम करून घेऊन येतात आणि म्हणतात आता द्या, आणि आम्हाला नाही म्हणताना खरंच वाईट वाटतं.

दुसरं म्हणजे ‘मूळ अवस्थेत’ हे दोन शब्द. एसकेएस ही जुनी सोव्हिएत डिझाइनची रायफल घेतली, मुलाने व्हिडिओ बघून तिला प्लास्टिकचा नवा स्टॉक, म्हणजे खांद्याला टेकवायचा दस्ता, आणि बाहेरचं मॅगझिन लावलं, झालं, ती आता रेलिक राहिली नाही. वर ती परदेशी बनावटीची असल्यामुळे त्यात ठराविक यादीतले इंपोर्टेड पार्ट्स १० पेक्षा जास्त नसावेत हा वेगळा फेडरल नियम गळ्यात पडतो. आणि कॅलिफोर्नियात तर निघणारं मॅगझिन असलेली एसकेएस बंदीच्या यादीत नाव घेऊन आहे. जशी मिळाली तशी ठेवा.

स्टॉकवरून आठवलं, माउझर सी-९६ हे जर्मन पिस्तूल. ज्यांनी क्रांतिकारकांचा इतिहास वाचलाय त्यांना २६ ऑगस्ट १९१४ ची कलकत्त्याची रॉडा कंपनीची लूट माहीत असेल, ५० माउझर पिस्तुलं गेली होती, तीच ही. हिचं लाकडी होल्स्टर मागे अडकवलं की खांद्याला लावायचा स्टॉक होतो. आता १९३४ च्या कायद्यानुसार १६ इंचापेक्षा लहान नळीला खांद्याचा स्टॉक लागला की ती शॉर्ट बॅरल रायफल, आधी रजिस्टर करून मंजुरी घ्यावी लागते, नाहीतर सरळ गुन्हा. जुन्या मूळ स्टॉकसह काही माउझर आणि लुगर (हेही जुनं जर्मन पिस्तूल) एटीएफच्या यादीत सूट मिळून आहेत, पण तुमच्याकडची जोडी त्या यादीत बसते का हे बघितल्याशिवाय ऑनलाइन मिळणारा कुठलाही स्टॉक आणून लावू नका. २०२६ पासून शॉर्ट बॅरल रायफलचा २०० डॉलरचा टॅक्स शून्य झालाय हे खरंय, लोक तेवढंच ऐकून येतात. टॅक्स गेलाय, रजिस्ट्रेशन नाही गेलं.

आणि १८९८ ची रेघ. १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक फेडरल कायद्यात अँटिक, म्हणजे बंदूकच धरत नाहीत. अगदी सुरुवातीच्या सी-९६ आणि बोर्शार्ट सी-९३ पिस्तुलं ह्यात येतात, त्यामुळे त्यांची किंमतही तशीच असते. मॉडेलचं वर्ष आणि तुमच्या नगाचं वर्ष ह्यात गल्लत करू नका, सी-९६ नाव आहे म्हणून ती १८९६ ची होत नाही, १९३० च्या दशकातही बनत होत्या. शिवाय राज्याची अँटिकची व्याख्या वेगळी असू शकते, न्यू जर्सीची आहेच.

व्हिसावर असाल तर

हे आधीच लिहायला हवं होतं. एच-१बी, एल-१, एफ-१ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूक किंवा गोळ्या जवळ ठेवता येत नाहीत, रेंजवरची भाड्याचीसुद्धा. व्हॅलिड हंटिंग लायसन्स वगैरे काही अपवाद आहेत पण त्यांच्या भरवशावर कलेक्शन उभं करू नका. ग्रीन कार्ड आलं की हा अडसर जातो. घरात एकाकडे ग्रीन कार्ड आणि दुसऱ्याचं अजून व्हिसावर चालू असेल तर तिजोरीचा कोड फक्त ग्रीन कार्डवाल्याकडे, आणि आई-बाबा सहा महिने राहायला आले असतील तर त्यांनाही देऊ नका, ते पण व्हिजिटर व्हिसावरच आहेत. बाबांना कितीही हौस असली तरी. ग्रीन कार्डची फाइल मध्येच लटकलेली असेल तर आम्हाला विचारू नका, इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा.

अजून एक, न्यू जर्सीत २०२२ पासून गांजा दुकानात मिळतो, पण फेडरल ४४७३ फॉर्मवर गांजाचा प्रश्न आहे आणि राज्यात कायदेशीर असला तरी फरक पडत नाही असं तिथेच छापलंय. खोटं लिहिलं तर तो स्वतंत्र गुन्हा. तसंच मित्राच्या पैशाने मित्रासाठी आपल्या नावावर बंदूक घेणं, ‘अरे तो बिझी आहे, मी सही करतो’, हे आमच्या काउंटरवर बोललात की व्यवहार तिथेच थांबतो. फॉर्मवर खोटं लिहिण्याचा गुन्हा तर होतोच, आणि तो मित्र बंदूक बाळगायला अपात्र असेल किंवा तिने गुन्हा करणार असेल आणि तुम्हाला ते माहीत असेल तर २०२२ च्या कायद्यानंतर १५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

घर बदलताना आणि प्रवासात

नोकरी बदलली की आपण आधी शाळा बघतो, मग घर, आणि बंदुका मूव्हर्सच्या ट्रकसोबत डोक्यातून जातात. टेक्सासमधून न्यू जर्सीला येताय तर निघायच्या आधी यादी करा. काही बंदुका न्यू जर्सीत आणताच येत नाहीत, १० पेक्षा जास्त गोळ्यांची मॅगझिन्स तर नाहीच नाही. न्यूयॉर्क राज्यात सप्टेंबर २०२२ पासून सेमी-ऑटो रायफल घ्यायला वेगळं लायसन्स लागतं, आणि न्यूयॉर्क शहराचे नियम त्याहून कडक, तिथे रायफलच्या मॅगझिनला ५ चीच मर्यादा आहे. इलिनॉय आणि वॉशिंग्टनने २०२३ मध्ये नवे बंदीचे कायदे केलेत. ह्यातल्या बऱ्याच कायद्यांवर कोर्टात केसेस चालू आहेत, त्यामुळे कुणी व्हॉट्सॲपवर ‘बंदी उठली’ असं पाठवलं तर आधी आम्हाला फोन करा.

दोन राज्यांमधून जाताना १९८६ चा फेडरल कायदा थोडं संरक्षण देतो, जिथून निघालात आणि जिथे चाललात तिथे ती कायदेशीर असली पाहिजे, रिकामी, कुलूपबंद, हाताशी नाही. पण हे संरक्षण किती पातळ आहे बघा, एका प्रवाशाची न्यूअर्कला फ्लाइट चुकली, कुलूपबंद बंदूक असलेली बॅग घेऊन तो रात्री हॉटेलात राहिला, सकाळी एअरपोर्टवर अटक, आणि २०१० मध्ये फेडरल अपील कोर्टाने सांगितलं की रात्रभर बॅग हाताशी होती, त्यामुळे हा कायदा तुला लागू नाही.

आणि मुंबईला जाताना रेंजवर नेलेली बॅग वापरू नका. एकच जुनी गोळी खिशाच्या शिवणीत राहिली तरी तिकडे आर्म्स ॲक्टची केस होते, ऐन गणपतीत पोलीस स्टेशन. बंदूक भारतात न्यायचा विचार तर सोडूनच द्या.

सांभाळणं

जुन्या बंदुकीला नवा निळा रंग चढवू नका, पॉलिश करू नका, अर्धी किंमत तिथेच जाते. लुगरच्या छोट्या पार्ट्सवर पण नंबर असतात, सगळे जुळत असतील तर ती रेंजवर नेऊ नका, एखादा पार्ट तुटला की संपलं. सी-९६ मध्ये रशियन टोकारेव्ह पिस्तुलाच्या गोळ्या बसतात पण त्यांचं प्रेशर जास्त, मारू नका. एम-१ गरँड रायफलमध्ये आजच्या जोरदार शिकारीच्या गोळ्यांनी बोल्ट मागे ढकलणारा ऑपरेटिंग रॉड वाकतो, तिच्यासाठीच्या मिळतात त्याच घ्या. आणि वहिनींना निदान हे तरी सांगून ठेवा की कुठली बंदूक किती किमतीची आहे. मागे एका ग्राहकाच्या घरून लुगर आमच्याकडे जुन्या खेळण्यांच्या खोक्यात आली होती.

आम्हाला भेटायला येताना

शनिवारी गर्दी असते, मधल्या वारी संध्याकाळी या. लिलावात बोली लावायच्या आधी लिंक पाठवा, बघायचे पैसे घेत नाही. घरात सासऱ्यांची किंवा आधीच्या घरमालकाची काही जुनी बंदूक सापडली असेल आणि ती काय आहे कळत नसेल तर गाडीत टाकून पूल ओलांडून आणू नका, तिच्यावरच्या शिक्क्यांचे, नंबरचे आणि नळीच्या टोकाचे फोटो काढून आणा, पुढचं आम्ही बघतो.